मामाखाऊ लेन्स

हमीदभाई समोरच्या माणसाच्या तोंडाकडे आधी कधीच बघत नसत. ते त्याच्या मागे बघत. तुम्ही त्यांच्या स्टुडिओची पायरी चढून रामराम घातलात की त्यांची नजर तुमच्या कानावरून पलीकडे जायची आणि तिथे काहीतरी शोधत राहायची. नव्या माणसाला वाटायचं, आपल्या मागून कोणी येतंय. तो मान वळवून बघायचा. मागे जानेफळचा बसस्टँड, केळ्यांचा गाडा आणि गाड्याच्या सावलीत पसरलेलं कुत्रं. काय झालं म्हणून विचारलं तर हमीदभाई म्हणायचे, "काई नाई. मांगं कोन हाय ते पाहून राह्यलो."

ही त्यांची धंद्यात जडलेली सवय होती. लग्नाचे फोटो काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि त्यातून ते एका ठाम निष्कर्षाला आले होते. नवरा-नवरीला बघायला लग्नाचा अल्बम कोणी उघडत नाही. आपण त्यात आहोत का, हे बघायला उघडतात. "तोंडाचं काय," ते म्हणत, "ते अल्लानं देल्लंच हाय, त्याच्यात आता फरक पडत नाई. माणूस कोन हाय ते त्याच्या मांगं कोन उभं राह्यते त्याच्यावरून समजते."

म्हणून त्यांच्या फोटोत मागचा माणूस कधी हरवत नसे. स्टेजवर गर्दी झाली की ते स्टुलावर चढत आणि एकेकाला हाक मारत. "ओ काकू, तुमचा एकच डोळा येऊन राह्यला, दुसराबी आना." "भौ, टोपी थोडी मांगं घ्या, तुमच्या टोपीत नवरदेवाचा साळा गेला." सगळं गाव त्यांच्या चौकटीत मावायचं आणि प्रत्येकाचे डोळे उघडे असायचे. कॅमेरा जुना होता. त्याच्यावरची लेन्स कॅमेऱ्यासोबत आलेली, म्हणजे त्यांच्या भाषेत फुकटची. पण त्या फुकटच्या लेन्सनं जानेफळच्या पंचक्रोशीत एकही आत्या नाराज केली नव्हती.

माझ्या वडिलांचं पंक्चर आणि सायकल-मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान स्टुडिओला लागून. मधली भिंत वर पत्र्यापर्यंत पोचत नव्हती, त्यामुळे इकडचं बोलणं तिकडे ऐकू जायचं आणि कोणाला त्याचं काही वाटत नसे. मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला, तेव्हा फोटो काढायला हमीदभाईंकडेच गेलो. त्यांच्याकडे पदवीचा काळा झगा होता. त्यांच्या बायकोनं, शमीमभाभींनी, बुरख्यासाठी आणलेलं कापड उरलं, त्यातून त्यांनी तो शिवला होता. जानेफळात जे कोणी पदवीधर झाले ते सगळे त्याच एका झग्यात झाले. मी झगा घातला, हातात भेंडोळं धरलं, पडद्यावरच्या काश्मीरसमोर उभा राहिलो. हमीदभाईंनी कॅमेऱ्यातून पाहिलं आणि कॅमेरा खाली ठेवला.

"मांगं कोन हाय?"

"कोणी नाही. काश्मीर आहे."

"काश्मीरनं तुही फी भरली काय बे?" असं म्हणून त्यांनी भिंतीवरून आवाज दिला, "ओ मिस्तरी, इकडं या. हाय तसे या."

वडील आले ते हातात पाना घेऊन, कोपरापर्यंत ऑइलनं काळे. हात धुऊन येतो म्हणाले तर हमीदभाईंनी धुवू दिले नाहीत. आई घरून येईस्तोवर सगळे थांबले. आज तो फोटो माझ्या भिंतीवर आहे. झग्याची शिवण दिसते, आईच्या पदराचे ठिपके दिसतात आणि वडिलांच्या हातातल्या पान्यावरचा नंबरसुद्धा वाचता येतो. त्या दिवसापासून हमीदभाई मला नावानं हाक मारेनासे झाले. मी त्यांच्यासाठी "बीए" झालो तो कायमचा.

असा हा माणूस महागड्या लेन्सच्या नादाला लागला, त्याचं कारण मेहकरचा पप्पू. पप्पू पुण्याहून फोटोग्राफीचा कोर्स करून परत आला होता. त्याच्या फोटोत नवरीच्या पापण्या मोजता यायच्या आणि मागचं सगळं विरघळून गेलेलं असायचं. लायटिंगची माळ म्हणजे जणू हवेत तरंगणारी बुंदी. पोरींच्या मोबाइलवर ते फोटो फिरायला लागले आणि जानेफळच्या पोरी हमीदभाईंना विचारू लागल्या, "काका, तुमच्याकडं मागचं ब्लर येते का?"

"येते ना," हमीदभाई म्हणायचे. "कॅमेरा पडला होता तवा आलं होतं."

पण हसण्यावर किती दिवस काढणार? ओळीनं दोन-तीन लग्नं मेहकरला गेली. मग एके दिवशी हमीदभाई कोणाला न सांगता औरंगाबादची गाडी पकडून गेले आणि संध्याकाळी परत आले ते पोटाशी एक पुडकं धरून. शहराचं नाव बदललं असं मी सांगायचो, तर म्हणायचे, "बीए, पैसे जुन्याच नावाच्या गावात गेले."

त्या लेन्सच्या किमती तीन होत्या. एक त्यांनी घरी सांगितली, ती सगळ्यात कमी. एक गिऱ्हाइकांना सांगितली, ती सगळ्यात जास्त. खरी मधे कुठेतरी होती आणि ती फक्त माझ्या वडिलांना माहीत होती, म्हणजे भिंतीमुळे मलाही. शमीमभाभींना मधली नाही, एकदम वरचीच कळली. एका नवरदेवाच्या आईनं त्यांना बाजारात गाठून विचारलं, "भाभी, एवढ्याची वस्तू घरात ठेवता तर झोप कशी लागते तुम्हाले?" त्या दिवशी भाभींनी स्टुडिओच्या दारात उभं राहून, वर पत्र्याकडे हात करून सांगितलं, "इत्ते में तो ऊपर स्लॅब पड़ जाता था. अब टीन के नीचे बैठो और धुंधला-धुंधला देखो."

हमीदभाईंनी लेन्सला नाव दिलं होतं नवाब. नवाबला ऊन चालत नसे, धूळ चालत नसे, हळद तर मुळीच नाही. मुलगी रुबीना लहान असतानाचं दुपटं काढून त्यात नवाबला गुंडाळत आणि मोटारसायकलवर स्वतःच्या पुढ्यात बांधून नेत. गतिरोधक आला की खाली उतरून गाडी हातानं ढकलत पार करत. वाटेत कोणी विचारलं, "पेट्रोल संपलं काय हमीदभाई?" तर उत्तर यायचं, "नाई, नवाबले झोप लागली."

मंगलाष्टकांच्या वेळी तर मोठीच पंचाईत. आमच्याकडे अक्षता रंगवलेल्या ज्वारीच्या, आणि लोक त्या टाकत नाहीत, मारतात. हमीदभाईंनी एका लग्नात भटजींना गाठून माइकवरून सांगायला लावलं, "मंडळी, अक्षता हळू टाकाव्या, फोटोवाल्यांची लेन्स महागाची आहे." तोपर्यंत ज्यांचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं तेही मग नेम धरून त्यांच्यावरच ज्वारी टाकू लागले.

त्या लेन्सच्या गळ्यात एक रिंग होती. ती पूर्ण उघडी ठेवली की एका जागेचं तेवढं लख्ख दिसायचं आणि बाकीचं धुकं व्हायचं. जसजशी बंद करत न्यावी तसतसे मागचे लोक धुक्यातून बाहेर यायचे. हमीदभाईंना हे माहीत नव्हतं असं नाही. मी एकदा त्यांना सहज म्हटलंही, "मग थोडी बंद करून काढा ना. चेहराही येईल, मागचेही येतील."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझी पदवी परत घेतात की काय असं वाटलं. "पागल झाला काय बे बीए. बंद करूनच काढाचं होतं तर फुकटची काय वाईट होती? पैसे म्या उघड्याचे देल्ले."

आणि याच काळात माझ्या बहिणीचं, सविताचं लग्न ठरलं.

इथे नामदेवमामांबद्दल सांगायला हवं. ते माझ्या आईचे एकुलते एक भाऊ. दुसरबीडला रोडवर त्यांचं चहा-भज्यांचं हॉटेल. आवाज असा की ट्रकवाले हॉर्न वाजवायच्या ऐवजी मामांना ओरडायला सांगत. कॉलेजची सगळी वर्षं मी त्यांच्या घरी राहून काढली. माझं जेवण, माझी पुस्तकं, परीक्षेचे दिवस, सगळं त्यांनी सांभाळलं आणि रोज शिव्या देऊन सांभाळलं. मामांचा उपकार दिसत नसे, आवाज तेवढा ऐकू यायचा. सविता त्यांची एकच भाची. तिच्या लग्नासाठी मामांनी मोतिया रंगाची सफारी शिवली, गुलाबी फेटा बांधला. आमच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी नवरीला मांडवात आणलं आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या मागे ताठ उभे राहिले. तो त्यांचा मान होता आणि त्या दिवसासाठी त्यांनी मिशी दोनदा रंगवली होती.

अल्बम आला तो दसऱ्याच्या सुमारास. आमच्याकडे अल्बम बघणं हा एक कार्यक्रमच असतो. मामांना मुद्दाम बोलावलं. आईनं पोहे केले, वडिलांनी दुकान लवकर बंद केलं, मामा खाटेच्या मधोमध अल्बम मांडीवर घेऊन बसले. पहिल्या पानावर सविता. नथीतला एकेक मोती वेगळा. मामा खूश. दुसऱ्या पानावर अंतरपाट, सविताची झुकलेली नजर, आणि तिच्या मागे मोतिया रंगाचा एक ढग. ढगाच्या वर गुलाबी रंगाचा लहान ढग. मामांनी पान उलटलं. पुन्हा सविता, पुन्हा दोन ढग. त्यांनी पानं भराभरा उलटली आणि मग सावकाश पहिल्यापासून सुरुवात केली.

"हे मांगं काय व्हय?" त्यांनी आईला विचारलं.

आई वाकून बघू लागली. तिला आधीच कळलं होतं. "दादा," ती अगदी हळू म्हणाली, "तुमीच व्हय."

मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "हे मी?"

"हाव. हा फेटा."

"फेटा व्हय का. मले वाटलं आइस्क्रीमचा स्टॉल." मग त्यांनी अल्बम मिटून खाटेवर ठेवला. "म्हंजे मी लग्नात नोतो म्हना." चहा तसाच ठेवून ते उठले, चपला घातल्या आणि बसस्टँडकडे चालू लागले. मी मागे धावलो तर म्हणाले, "तू कायले येतं बे ढगाच्या मांगं."

त्यानंतर मामांनी आईचा फोन उचलला नाही. मी केला तर उचलायचे आणि "नामदेव लग्नात नोता" एवढं बोलून ठेवून द्यायचे. आई रडली वगैरे नाही. पण दिवाळी आठ-पंधरा दिवसांवर आलेली आणि मामांनी एकही भाऊबीज चुकवलेली नव्हती. ती करंज्यांचं सारण हलवता हलवता मधेच थांबायची आणि विचारायची, "दादा नाई आले त मी ओवाळू कोनाले?"

दुकानातल्या आमच्या बोलण्यातून भिंतीपलीकडे सगळं ऐकू गेलंच होतं. हमीदभाई कपाळावर हात मारत माझ्या वडिलांना सांगत, "मिस्तरी, अख्खी जिंदगी मांगचं पाह्यलं अन नवाब आला तवा मामाच नाई दिसला मले." तोवर गावात बाकीच्या लग्नांचे अल्बमही पोहोचले होते. कोणाचा मोठा काका गेला होता, कोणाची आजी, एका ठिकाणी तर नवऱ्याचा बापच धुक्यात निघाला. पण सगळ्यात जास्त गेले ते मामा, कारण त्यांना मागेच उभं राहावं लागतं. लोकांनी लेन्सचं नाव ठेवलं मामाखाऊ. बसस्टँडवर कोणीतरी विचारायचं, "काय हमीदभाई, आज किती मामा खाल्ले?"

मग त्यांनी चूक दुरुस्त करायची ठरवली आणि ती वाढवली. मामांचा स्पष्ट फोटो शोधला तेव्हा त्यांना एकच सापडला, पंगतीतला. वरण सांडेल म्हणून पंगतीत ते नवाबला नेत नसत, फुकटचीच नेत. त्या फोटोतलं मामांचं डोकं त्यांनी कॉम्प्युटरवर कापलं आणि सविताच्या मागच्या ढगावर बसवलं. काम सुबक झालं होतं. फक्त मामांच्या तोंडात बुंदी होती. एक गाल फुगलेला, डोळे वाढप्याकडे लागलेले. समोर भाचीच्या डोक्यावर अक्षता पडतायत आणि मागे मामा बुंदी खातोय.

आईनं तो फोटो बघून हात जोडले. "भाऊ, हे दादाले दाखवू नका."

हमीदभाईंनी खाली बघितलं. "वहिनी, त्याइले मोबाइलवर पाठवला म्या सकाळीच."

मामांचं उत्तरही आलेलं होतं. रेकॉर्ड करून पाठवलेला आवाज होता तो, आणि मोबाइल लांब ठेवला तरी ऐकू येत होता. "मी भाचीच्या लग्नात खायाले आलतो काय?"

दिवाळीच्या आधीच्या रविवारी हमीदभाईंनी मला उठवलं. "चाल बीए, दुसरबीडले. तुह्या आईची भाऊबीज माह्या नवाबानं खाल्ली, आता मीच काढून देतो." नवाबला दुपट्यात गुंडाळून पुढ्यात घेतलं आणि आम्ही मेहकरवरून निघालो. गतिरोधकांवर ते उतरत आणि मी मागच्या सीटवरून उतरून त्यांच्या मागे चालत असे. जाणारे-येणारे बघत होते.

मामा गल्ल्यावर होते. समृद्धी महामार्ग झाल्यापासून ट्रक वरच्यावर निघून जातात, तरी भज्यांच्या वासानं पाच-सहा ड्रायव्हर बाकावर होतेच. मामांनी आमच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि मला म्हणाले, "भाच्या, तुह्या संगं जो मानूस दिसते त्याले विचार, चहा घेतो का. मले त धुरकट दिसते."

"घेतो म्हना," हमीदभाई मला म्हणाले.

"बिनसाखरेचा देऊ का म्हना, बुंदी त खाल्ली असंन."

असा बराच वेळ माझ्यामार्फत कारभार चालला. एक चहा झाला, दुसरा झाला. मग हमीदभाईंनी दुपटं सोडलं, नवाब कॅमेऱ्यावर चढवला आणि मामांसमोर उभे राहिले. "नामदेवभौ, आज समोर तुमीच. मांगं कोनी नाई. येकच फोटो." मामा नाही म्हणाले, पण म्हणता म्हणता त्यांनी मिशीवरून हात फिरवला. फोटो निघाला. खरंच सांगतो, असा फोटो मी पाहिला नाही. मामांच्या कपाळावरच्या आठ्या, भट्टीच्या धगीनं लाल झालेले डोळे, गालावरचा देवीचा एकेक व्रण, आणि मागे सगळं शांत पिवळसर. मामा बघत राहिले. हमीदभाई माझ्याकडे बघून डोळ्यानं "झालं" म्हणाले.

"पाटी कुठी गेली?" मामांनी विचारलं.

"कोनती पाटी?"

"हाटेलाची. माह्या डोक्यावर पाटी हाय. ती कुठी गेली?"

"मांगं हाय ना."

"मांगं हाय ते मलेबी मालूम हाय. फोटोत कुठी हाय? पाटी लिव्हाले चिखलीचा पेंटर आनला होता म्या. तिबी गिळली का याच्या नवाबानं?"

ड्रायव्हर हसले. हमीदभाईंनी लेन्सला झाकण लावलं. ते बाकावर मामांच्या शेजारी जाऊन बसले आणि पहिल्यांदा त्यांच्याशी सरळ बोलले. "नामदेवभौ, येक गोष्ट सांगतो. राग नका येऊ देऊ. मंगलाष्टक चालू होतं तवा तुमी फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत होते."

मामा ताठ झाले. "कोन?"

"तुमी. लेकरावानी रडत होते."

"कोन रडत होतं बे?" मामांचा आवाज चढला, मग त्यांनी बाकावरच्या ड्रायव्हरांकडे बघितलं आणि तो खाली आला. मामांचा आवाज खाली येतो हे मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. "हळू बोल. हाटेल हाय हे."

"हळूच बोलून राह्यलो. नवरदेवाकडचे लोक लय बोलके. अल्बम त्याइच्या घरीबी जाते. म्हनलं, दुसरबीडचा नामदेव, ज्याले ट्रकवाले भेतात, तो असा रडून राह्यला, हे कायले दाखवा चारचौघांत? म्हनून म्या रिंग उघडीच ठेवली."

मामा भट्टीकडे बघत बसले. झाऱ्यातून तेल निथळून संपलं तरी बघत होते. मग उठले, स्वतः चहा गाळला, वर मलई टाकली आणि ग्लास हमीदभाईंच्या हातात दिला. "पहिलेच सांगाचं ना," एवढंच म्हणाले.

परतीच्या वाटेवर मला राहवलं नाही. पहिल्याच गतिरोधकावर उतरून चालताना मी विचारलं, "हमीदभाई, मामा खरंच रडत होते?"

"मले काय मालूम?" ते गाडी ढकलत म्हणाले. "मलेबी धुरकटच दिसत होतं."

"मग?"

"अबे, भाचीच्या मांगं उभा राह्यलेला मामा रडल नाई त काय करीन? एवढे मामा पाह्यले म्या. जो जास्त वरडते तो जास्त रडते."

भाऊबीजेला मामा आले. एकटे नाही, भज्यांची पिशवी घेऊन आले. पाटावर बसून आईकडून ओवाळून घेतलं, आणि तिनं निरांजन खाली ठेवायच्या आत स्वतःच अल्बम मागवला. शेजारच्या बायका जमल्या होत्या. मामांनी पान उघडून ढगावर बोट ठेवलं. "हे पाह्य. हा मी. फोटोवाल्याले म्याच सांगतलं होतं, मले जरा धुरकट ठेव. भाचीचं लग्न हाय, लोकाइनं तिले पाहाव का माह्या मिशीले?" आई माझ्याकडे बघत नव्हती. तिचे खांदे मात्र हलत होते.

त्यानंतर हमीदभाईंनी एक काम केलं. शमीमभाभींची नखाला लावायची लाल शाई घेतली आणि नवाबच्या गळ्यातल्या रिंगवर एक ठिपका दिला. रिंग तिथे आणली की पुढची नवरी छान यायची आणि तिच्या मागे उभा असलेला माणूसही ओळखू यायचा. या ठिपक्याचं नाव त्यांनी ठेवलं "मामा". पुढे मेहकरच्या पप्पूनंही हा शब्द उचलला. आता आमच्या भागात लग्नाचे फोटो काढणारी पोरं एकमेकांना सांगतात, "मामावर ठेव रे, स्टेज भरलं."

तरी तो प्रश्न राहिलाच. मी एकदा विचारलं, "मग हमीदभाई, एवढे पैसे वसूल झाले का?" ते वर पत्र्याकडे बघून म्हणाले, "वसुलीचं भाभीले विचार. ते रोज वसूल करते." मग थोड्या वेळानं म्हणाले, "फुकटची सगळ्याइले दाखवते. ही महागाची. हिच्यात कोनाले दाखवाचं, कोनाले लपवाचं, ते आपल्याले ठरवा लागते. त्याचेच पैसे असतीन."

रुबीनाचा निकाह झाला तेव्हा फोटो काढायला त्यांनी स्वतः फोन करून पप्पूला बोलावलं. "आज मी मांगं उभा राहीन," म्हणाले. आम्ही सगळे होतो. मामा दुसरबीडहून मोठा कुकर घेऊन आले होते. नवरदेवाकडची जालन्याची मंडळी निघायची वेळ झाली, रुबीना गाडीच्या दाराशी आली, तेव्हा हमीदभाईंनी नवाब पप्पूच्या हातात दिला, स्वतः रिंग फिरवून ठेवली आणि बजावलं, "हिले हात लावू नको." मग जाऊन स्टुडिओच्या शटरला टेकून, मुलीच्या मागे उभे राहिले.

फोटो आले. रुबीनाच्या ओढणीवरची एकेक टिकली मोजून घ्यावी अशी. आणि मागे शटरसमोर एक पांढरा ढग. शमीमभाभींनी पप्पूला फैलावर घेतलं, "इस में रुबीना के अब्बा किधर गए रे?" पप्पू रडकुंडीला आला. "काकांनीच रिंग लावून दिली होती, मी हातसुद्धा लावला नाही." सगळे म्हणाले, गडबडीत म्हातारा आपलाच ठिपका विसरला. हमीदभाई भलतीकडेच, भाभींच्या मागच्या भिंतीकडे बघत राहिले. मी तो फोटो मोबाइलवर मामांना दाखवला. मामांनी तो बराच वेळ धरून ठेवला. मोबाइल परत देताना त्यांचा आवाज हॉटेलातल्यासारखाच खाली आला होता. "भुलला नाई तो," ते म्हणाले.

मागच्या हिवाळ्यात हमीदभाई गेले. छाती भरली आणि दोन दिवसांत गेले. सगळ्या गावाचे फोटो असलेल्या त्या स्टुडिओत त्यांचा एकही फोटो सापडला नाही. होता तो फक्त आधार कार्डावरचा, आणि त्यातही ते समोर न बघता काढणाऱ्याच्या मागे कुठेतरी बघतायत. भाभींनी तोच मोठा करून लावला. त्यांच्या डोक्यावर अजून पत्राच आहे.

रुबीनानं मात्र तो घेतला नाही. निकाहाचा तो फोटो तिनं मोठा करून, फ्रेम करून जालन्याला नेला. तिच्याकडे गेलो तेव्हा बैठकीतच लावलेला दिसला. येणारे-जाणारे विचारतात, मागे हे पांढरं काय आहे? ती सांगते, "अब्बा हैं." आणि समोरच्यानं हसायच्या आत पुढे म्हणते, "लेन्स बहुत महँगा था."